शिशाचा पट्टा

तो खरं तर चुकूनच आला होता. दोन घरं पलीकडे दोर विकणाऱ्या बाईकडे जायचं होतं त्याला, पण पाऊस तिरपा मारत होता आणि यास्नाच्या वर्कशॉपचं दार उघडं होतं. आत गोंदाचा उग्र वास, भिंतीवर टांगलेले पाणबुड्यांचे काळे सूट, आणि मधे कात्री घेऊन ती.

"दोर मिळेल?" त्याने विचारलं. ओठ निळे पडले होते.

"दोर नाही. आणि तुम्हाला गरज सुटाची दिसतेय. हे काय घातलंय अंगात, पोतं?"

"काकाचा सूट आहे."

"काका जाडे होते?"

"भलतेच!" तो हसला. दात वाजत असताना कुणी इतकं छान हसू शकतं, हे यास्नाला नवीनच होतं.

त्याचं नाव निबाल्दो. शिंपल्यांच्या हंगामासाठी चिलोए बेटाच्या दुसऱ्या टोकाहून आलेला. तिने त्याच्या पाठीवरचं रबर चिमटीत धरून ओढलं, तर मूठभर हाती आलं.

"सुटात पाणी शिरतंच," ती म्हणाली. "तेवढं पाणी अंगाने तापतं आणि मग थंडी वाजत नाही. पण सूट अंगाला चिकटून हवा. तुमच्यात दर हालचालीला नवं गार पाणी येत असणार. रबरातले हवेचे बुडबुडे ऊब धरतात, ते तर दबून दबून केव्हाच मेलेत."

"म्हणजे मी समुद्र तापवतोय?"

"एकटेच."

मग तो रोज यायला लागला. कधी सुई मागायला, कधी नुसताच. एके दिवशी तिने मापाची टेप त्याच्या छातीभोवती गुंडाळली.

"श्वास सोड."

"तू इतक्या जवळ उभी... कसा सोडू?"

"मग गुदमर," ती म्हणाली. पण आकडा मात्र तिला दोनदा वाचावा लागला.

सूट तिने सगळ्यात जाड रबराचा कापला. त्याला पुन्हा कधी काकडताना बघायचं नव्हतं तिला. हंगामाच्या पहिल्या सकाळी शेवटची शिवण पुरी झाली, तशी ती धावत धक्क्यावर गेली आणि सूट त्याच्या हातात कोंबला. तो तिची गोंदाने चिकट झालेली बोटं हातात धरून उभा राहिला... बोटीवरचा त्याचा सोबती बेतो ओरडेपर्यंत.

घरी आली तर बाबा चुलीपाशी माते, तो कडू पाल्याचा चहा, पीत बसले होते. एलिएसेर, एके काळचे पाणबुडे, आता दोन काठ्यांवर चालणारे.

"पाण्यात घालून बघितला का सूट?" त्यांनी विचारलं.

"वेळ कुठे होता?"

"आणि कमरेच्या पट्ट्याला शिसं वाढवलं? नवं जाड रबर म्हणजे हवाच हवा. जुन्या पट्ट्याने तो बुडायचा नाही, पोरी."

 न बुडणारा पाणबुड्या काय करतो, हे इथे सगळ्यांनाच माहीत होतं. जाळीच्या पिशवीत दगड भरतो आणि खाली जातो. खोल पाण्यात रबर दबतं, सगळं ठीक वाटतं. मग दगड टाकून शिंपले भरतो, पिशवी वर पाठवतो, आणि निघतो. वर यायचं ते सावकाश, थांबत थांबत; पण रबर फुगतं आणि त्याला थांबू देत नाही. रक्तात बुडबुडे होतात. बाबांचे पाय असेच गेले होते.

ती पाणबुड्यांच्या संघटनेच्या खोलीकडे पळाली. रेडिओवर हाका मारून घसा बसला. बोटीवर पाणबुड्याला नळीतून हवा पुरवणारं यंत्र सुरू असलं की कुणाला काय ऐकू येणार! मग धक्क्यावर येऊन उभी राहिली. पाऊस केसांतून मानेवर उतरत होता. 'मीच दिला सूट,' एवढंच डोक्यात फिरत होतं. प्रेमाने शिवला, आणि तोच...

दुपारी पिवळी बोट दिसली. फार लवकर. लवकर परतणारी बोट चांगली बातमी आणत नाही. तिने डोळे मिटून घेतले.

"यास्ना! अगं, काय शिवलंस हे!"

तो उभा होता. स्वतःच्या पायांवर, बोटीच्या टोकावर, रागाने लालबुंद.

"सकाळभर बुचासारखा तरंगतोय! सगळ्या बोटी हसतायत. बेतो म्हणाला, दगड घे..."

"आणि?" तिने विचारलं.

"पिशवी भरलीही होती. मग तुझ्या बाबांच्या काठ्या आठवल्या." त्याचा सूर उतरला. "आणि म्हटलं, हंगामाचा पहिला दिवस गेला तर गेला. मला तुझ्या दारात चालत यायचंय."

तिने त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. जाड रबरावर त्या नुसत्याच उसळल्या, आणि मग ती रडायलाच लागली.

"हसतायत तर हसू देत! मला तू हवा आहेस, कळलं? शिंपले गेले खड्ड्यात."

"थंडी मात्र अजिबात वाजली नाही हं," तो हळूच म्हणाला.

"उद्या मी येणार बोटीवर. शिसं मी बांधेन, एकेक तुकडा बघून."

"आणि परवा?"

"परवाही."

"हंगाम संपल्यावर?"

यास्नाने डोळे पुसले. "तेव्हा तू इथून जायचं नाहीस," ती म्हणाली.