वाळूखालची हाक

"अगं ताई, ती पुन्हा त्या पाइपवरच ओरडतेय!"

तामातीने बोट दाखवलं. मेरेआना तर पार चक्रावली होती. समुद्रसिंहीण वाळूतून बाहेर आलेल्या पाइपच्या तोंडाशी हंबरायची, धडपडत पाइनच्या झाडीत जायची आणि परत यायची. तिचं पिल्लू कालपासून गायब होतं. या किनाऱ्यावरची पिल्लं का दगावतात, याचा अभ्यास हुइया मावशी करत होती. सुट्टीत तिच्याकडे आलेली ही भावंडं आता तिच्यासोबत पिल्लाला शोधत होती.

"हाकला तिला! माझे पाहुणे तंबूबाहेर पडेनात!" डॉसनकाका कुंपणाआडून गरजले. पलीकडचं पर्यटकांच्या तंबूंचं मैदान त्यांचं होतं.

"काका, पिल्लू पडलं असेल असा एखादा खड्डा तुमच्याकडे..." मेरेआनाने विचारलं.

"एकही उघडा नाही! आणि आत पाऊल टाकायचं नाही!"

समुद्रसिंहीण झाडीत गेली. तेवढ्यात पाइपमधून बारीक आवाज आला, "बेंऽऽ!"

"पिल्लू पाइपमध्ये?" तामाती किंचाळला.

"वेड्या! तुझं डोकं तरी मावेल का त्यात?"

"मग बोलतंय कोण? वाळू?"

मेरेआनाने त्याच्या हातात रिकामा डबा दिला. "पाइपच्या तोंडाशी बडव. पाइपच्या दुसऱ्या टोकाला आवाज कुठे निघतो ते मी बघते!"

ठण्! ठण्! ती कान देऊन कुंपणाच्या कडेने धावली. नव्या न्हाणीघरांमागे एक निळी ताडपत्री चक्क वाजत होती!

"काका, तुमची ताडपत्री वाजतेय!"

"काहीतरीच! हे बघ, काही नाहीये..." डॉसनकाकांनी ताडपत्री ओढली आणि त्यांचा चेहराच पडला. सांडपाण्याच्या अर्धवट खड्ड्यात पिल्लू गळ्यापर्यंत चिखलात रुतलं होतं.

"मी... मी झाकला होता ना!"

"ताडपत्रीने? पिल्लू कुंपणाखालून आलं आणि तिच्या कडेवरून थेट आत घसरलं!" ठणठणाट ऐकून धावत आलेली हुइया मावशी कडाडली. "फळी आणा! वर जुना गालिचा ठोका, पाय घसरायला नकोत. पिल्लाला कुणी हात लावायचा नाही!"

फळी लागली. पिल्लू चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. कुंपणाचं फाटक उघडताच समुद्रसिंहीण आत घुसली. तिने चिखलाचा तो गोळा हुंगला... आणि तोंड फिरवलं!

"मावशी, ती ओळखत का नाही?" तामातीने विचारलं.

"चिखलाने त्याचा वास झाकलाय रे."

पिल्लाने मान वर केली. "बेंऽऽ!"

समुद्रसिंहीण गर्रकन वळली. पुढच्याच क्षणी पिल्लू तिच्या पोटाशी शिरून चुटूचुटू दूध पीत होतं.

हुइया मावशीने दोघांना जवळ ओढलं. "मी आजार शोधत बसले, आणि तुम्ही खड्डा शोधलात! शाब्बास!"

डॉसनकाका खाली मान घालून पुटपुटले, "मागे आणखी दोन खड्डे आहेत. चला पोरांनो, ते नीट झाकायला फळ्या उचलू लागा!"