विहिरीवरचा लॅपटॉप

जमनाकाकूचा फोन आला म्हणून मी मालेगावहून तांड्यावर गेले. काम साधं होतं. शेतात, विहिरीजवळच्या खोलीत माझा जुना लॅपटॉप पडून होता, तो आणायचा. हेमसिंगकाकांना जाऊन वीस दिवस झाले होते.

लॅपटॉप मीच तिथे ठेवला होता. लाइन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, असा जावास्क्रिप्टचा एक प्रोग्राम त्यावर चालायचा. मोटर सुरू झाली की मला फोनवर मेसेज यायचा, आणि घरबसल्या ब्राउझरमध्ये सगळं दिसायचं.

वीस दिवसांपूर्वी, त्या दुपारी लाइन गेलेली होती. काका मोटरची केबल जोडायला बसले आणि त्यांनी मला फोन केला.

"उज्ज्वला, मोटर बंद केली ना वं माय?"

मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. घाईत ब्राउझरमधलं पान बंद केलं आणि म्हणाले, "हो काका."

ते पान नुसतं पाहण्यापुरतं होतं. प्रोग्राम ब्राउझरच्या बाहेर, तिकडे त्या खोलीत चालूच होता. हे मला माहीत होतं हो... मीच लिहिला होता तो. दोन मिनिटांत लाइन आली, तेव्हा काकांचे हात केबलवरच होते.

लोक म्हणाले, स्टार्टर खराब होता. मी गप्प राहिले.

खोलीत जळक्या रबराचा वास अजून होता. लॅपटॉपची वायर कुणीतरी काढून ठेवलेली, बॅटरी तर कधीचीच संपलेली. तरी उचलला तेव्हा तो खालून गरम लागला. बाहेर रखरखीत ऊन, पाखराचाही आवाज नाही. आणि विहिरीतून हळूच मोटरची घरघर सुरू झाली... मोटर तर त्याच आठवड्यात काढून नेली होती. हातातला फोन थरथरला. 'मोटर चालू.'

मी पळत काकूकडे आले. ती तांदूळ निवडत होती.

"काकू... मी बंद केलं नव्हतं. काकांशी खोटं बोलले मी."

तिनं मान वर केली नाही. "माईत हाये मले."

"कोणी... कोणी सांगितलं?"

"तू कवा सांगतं, त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो आमी."

आमी? घरात ती एकटीच होती. तिनं भाकरी टाकल्या, तीन ताटं वाढली.

"बस. जेवून जाय."

समोरच्या ताटापाशी कोणी नव्हतं. मी खाली पाहत घास गिळत राहिले. उठताना मात्र नजर गेलीच. त्या ताटातली भाकर अर्धी झाली होती, आणि पाण्याच्या गिलासावर काळ्या बोटांचे पाच ठसे होते.