ठोक्याचा ठेका

आमचा धाकटा मामा घसा खाकरत नाही.

वाचून हसाल. आम्हीही हसायचो. सर्दी होवो, ठसका लागो, तो पाण्याचा पेला तोंडाला लावतो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आवंढे गिळतो, पण खाकरत नाही. मामी वैतागून म्हणायची, "एक दिवस या खुळापायी यांना दवाखान्यात न्यावं लागणार आहे."

शेवटी एकदा मी खनपटीलाच बसलो, तेव्हा त्याने सांगितलं. मामा थापाड्या आहे, हे मला मान्य आहे. पण थापा मारताना त्याचे हात नाचतात. हे सांगताना त्याने ते मांडीखाली दाबून धरले होते. म्हणून मी याला खरं मानतो. तुमचं तुम्ही ठरवा.

मुख्य प्रकार घडला ती हिवाळ्यातली संध्याकाळ. शनिवार. टायरच्या दुकानावरची खोली, भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेले, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मामाच्या ऑर्केस्ट्रा पार्टीची प्रॅक्टिस तिथे चालायची.

पार्टी म्हणजे तिघंच. कीबोर्डवर मामा. काठ्यांनी वाजवायच्या ऑक्टोपॅडवर त्याचा जिवलग मित्र, ज्याला सगळे ठोक्या म्हणायचे. आणि गायला ठोक्याची मुलगी, चिमणी. वयाने विशीतली, पण बाप चिमणी म्हणायचा म्हणून सगळेच म्हणायचे.

ठोक्याचा हात वेगळा होता. त्याचा तिसरा ठोका किंचित उशिरा पडायचा. किंचित म्हणजे, निघताना दार ओढता ओढता माणूस एकदा मागे वळून बघतो ना, तेवढाच. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं तर चूक म्हटली असती. ठोक्याने केलं की पाय आपोआप हलायचे.

त्याच्या दोन खोडी होत्या. एक, मामा खाकरला की तो सुरू व्हायचा. एक-दोन-तीन-चार मोजायची गरजच नसायची. दुसरी, गाणं संपवायचं ते फक्त चिमणीच्या इशाऱ्यावर. तिने उजवा हात वर केला आणि मूठ मिटली, की शेवटचा ठोका. मामाने कितीही माना डोलावल्या तरी हा ढिम्म.

"मी काय इथे शोभेला बसलोय?" मामा चिडायचा.

"तू सुरू करून दे रे," ठोक्या म्हणायचा. "संपवायचं काय ते माझी चिमणी बघेल."

त्या शनिवारच्या आधी, त्याच खोलीत एक दिवस प्रॅक्टिस चालू असताना ठोक्या गाण्याच्या मध्येच उठला. "आलोच," म्हणाला. पाणी प्यायला जिना उतरला आणि पायरीवर बसला...

तो उठलाच नाही.

वर चिमणी डोळे मिटून गातच होती. ठेका थांबलाय हे तिला कळलं होतं. बाबा येतील आणि मधूनच धरतील, असं तिला वाटलं. खालून दुकानदाराची हाक आली तेव्हा गाणं जिथे होतं तिथेच राहिलं. मूठ मिटायची राहून गेली.

त्यानंतर चिमणी गायली नाही. पुढे पुढे बोलेनाशी झाली. तिची आई, जिला मामा वहिनी म्हणायचा, एकदा घरी येऊन रडली. "भाऊजी, माणूस गेलं ते गेलं. ही पोरगी माझ्या डोळ्यांसमोर जातेय. ती परत गाईल असं काही तरी करा."

मामाला झोप लागेना. आणि मग त्याला आठवलं.

त्या दिवशी कॉम्प्युटर चालू होता! ऑक्टोपॅड त्याला जोडलेला होता. ठोक्याचं शेवटचं वाजवणं मिडी फाइलमध्ये उतरलं होतं.

मिडी फाइल म्हणजे काय, ते मामाने मला समजावलं. त्यात आवाज नसतो. कुठला ठोका कधी पडला, किती जोरात पडला, एवढंच असतं. "आवाज नसतो रे त्यात," तो म्हणाला. "नुसते हात असतात."

कीबोर्डमध्ये तयार रिदम असतात, ते तुम्ही ऐकले असतील. मामा तसे रिदम मिडीवरून स्वतः बनवतो. फाइलमधला चांगला तुकडा कापायचा, तो गोल फिरत राहील असा जुळवायचा. सुरुवात, मुख्य ठेका, मधली उठान, म्हणजे कडव्याआधीची ठेक्याची उसळी, आणि शेवट असे भाग पाडायचे. साथीचे बेस आणि कॉर्ड, म्हणजे खालचे आणि जोडीचे सूर, एका पट्टीत आणून ठेवायचे, म्हणजे डावा हात जाईल तिकडे ते गुमान मागे येतात. मग पेन ड्राइव्हवरून कीबोर्डमध्ये भरायचं. झाला रिदम. ठोक्या नसला तरी त्याचा ठेका चिमणीच्या मागे वाजला असता.

कॉम्प्युटर घरी आणून मामा कामाला लागला. आणि पहिल्याच दिवशी एक चूक करून बसला.

सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. वेडेवाकडे पडलेले ठोके एका क्लिकमध्ये ओळीत उभे राहतात. मामाने वर्षानुवर्षं प्रत्येक फाइलला तेच केलेलं. हात सवयीने तिकडे गेला. ठोक्याचा तिसरा ठोका बाकीच्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला. मामाला जरा चुटपुट लागली, पण फाइल सेव्ह करून तो जेवायला उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल उघडली...

तिसरा ठोका मागे सरकलेला होता.

सेव्ह करायला विसरलो असेन, मामाने स्वतःची समजूत घातली. परत सरळ केलं. सेव्ह केलं. बंद केलं. लगेच उघडलं.

मागे.

सगळे तिसरे ठोके मागे. पहिले, दुसरे, चौथे मात्र जिथल्या तिथे.

"अगं, इकडे ये जरा," त्याने मामीला हाक मारली. मामीने स्क्रीनकडे बघितलं, मग मामाकडे. "चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," म्हणाली आणि गॅस बारीक करायला निघून गेली.

मामाने माउस बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "बरं बाबा. तुझंच खरं."

पुन्हा त्याने ते ठोके सरळ केले नाहीत.

एक अडचण उरली होती. शेवट. ठोक्या मधूनच उठला होता, त्यामुळे फाइलमध्ये शेवटच नव्हता. मामाने दुसऱ्या एका रिदमचा शेवट कापून त्याचं ठिगळ लावलं. रिदम तयार झाला. शनिवारी संध्याकाळी चिमणीला खोलीवर बोलावलं.

ती यायच्या आधी मामाने कीबोर्ड लावून ठेवला. वाट बघायचं बटण दाबलं. ते दाबलं की दिवा लुकलुकत राहतो आणि डाव्या हाताने सूर दाबेपर्यंत रिदम थांबून राहतो. दिवा लुकलुकत होता. मामा खिडकी लावायला उठला. टायरची धूळ घशात गेली. तो खाकरला...

ठेका सुरू झाला.

कीबोर्डजवळ कुणी नव्हतं. मामा खिडकीशी, हात कडीवर. आणि मागे तोच ठेका, तोच रेंगाळलेला तिसरा ठोका. मामाच्या अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटली, तसा आनंदही झाला, असं तो म्हणतो. जुना दोस्त दाराशी उभा राहिल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. चिमणी दारात थिजून उभी होती.

"काका..." ती म्हणाली. "हे बाबा आहेत."

"बाबांचा ठेका आहे," मामा म्हणाला. "गातेस?"

ती माइकसमोर गेली. मामाने कॉर्ड धरला. चिमणीने डोळे मिटले आणि तेच गाणं धरलं, जे राहून गेलं होतं.

मामाचा ऊर भरून आला. वहिनीला लगेच फोन करावा, असं त्याला वाटलं.

मग त्याच्या लक्षात एक गोष्ट आली.

मशीनला कान नसतात. रिदम गोल फिरतो, गाणारा कुठेही असो. उठान हवी असेल तर बटण दाबावं लागतं. मामाने बटण दाबलं नव्हतं. तरी चिमणीने कडव्याआधी श्वास घेतला आणि नेमकी तिथे उठान आली. ती एक ओळ विसरली, अडखळली... तर ठेका खालच्या आवाजात घुटमळत राहिला. ओळ आठवली तसा पुन्हा वर आला.

बाप पोरीला सांभाळून घेत होता.

गाणं संपत आलं. मामाने शेवटाचं बटण दाबलं. दिवा लागला. ठिगळ लावलेला शेवट यायला हवा होता.

आला नाही. ठेका फिरून पहिल्यावर आला. चिमणीनेही पुन्हा मुखडा धरला.

मामाने परत दाबलं. मग थांबवायचं बटण दाबलं. मग दोन्ही हात उचलून मागे झाला.

ठेका चालूच.

बाहेर अंधार पडला होता. चिमणी गातच होती. तिसऱ्यांदा, की चौथ्यांदा. आवाज फाटायला लागला होता, ओठ सुकले होते, पण चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मामाला ते बघवेना. मग त्याला आठवलं.

"चिमणे," तो म्हणाला. "मूठ मीट."

तिने डोळे उघडले. मामाकडे बघितलं. तिला समजलं होतं. कदाचित पहिल्यापासूनच ठाऊक होतं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट धरून ठेवले.

मामाने वायर ओढली.

एकदम शांतता. कीबोर्ड विझला, स्पीकर विझले. पण चिमणी थांबली नाही. ती गात राहिली, बरोबर लयीत. जिथे उठान यायची तिथे थांबत होती, कुणाचं तरी ऐकल्यासारखी, आणि पुन्हा उचलत होती. गळ्यातून आवाज फुटेनासा झाला तेव्हा कुठे ती गप्प झाली.

"बंद का केलंत काका?" घोगऱ्या आवाजात तिने विचारलं. "मूठ मिटली की ते जातील. मला माहीत आहे. मी नाही मिटणार."

मामाने तिला घरी सोडलं. खोलीवर परत येऊन कीबोर्डमधला रिदम पुसला, पेन ड्राइव्ह पुसला, घरी जाऊन कॉम्प्युटरमधली मूळ फाइल पुसली. मित्राचे हात पुसतोय असं वाटत होतं, म्हणाला. डोळ्यांना धार लागली होती, पण पुसलं सगळं.

काही दिवसांनी वहिनीचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "भाऊजी, देवासारखे धावून आलात. गाते हो रोज! येऊन बघा तरी."

मामा गेला. दाराबाहेर कान देऊन उभा राहिला. आतून चिमणीचं गाणं येत होतं. नुसतं गाणं. ठेका नव्हता.

"साथीला काही लावते का?" वहिनीने दार उघडलं तसं त्याने विचारलं.

"छे. नुसतीच गाते. वाद्य आहे कुठे घरात?"

चिमणी खिडकीपाशी बसली होती. तेच गाणं. पण सरळ, मोकळं, साधं. गाणं शेवटाकडे आलं होतं. तिचा उजवा हात मांडीवरून हळूहळू वर उठत होता. पोरगी स्वतःच संपवायला निघाली होती. वहिनी दारात पदर डोळ्यांना लावून उभी. मामाच्या मनावरचं ओझं उतरलं. सुटलो, त्याला वाटलं. ठोक्याही सुटला, पोरगीही सुटली. त्याचा गळा दाटून आला.

तो खाकरला.

...ठक.

कुठून आला, ते मामाला आजही सांगता येत नाही. जमिनीतून, भिंतीतून, की त्याच्याच कानातून. एक ठोका. दुसरा. आणि मग, दार ओढता ओढता मागे वळून बघितल्यासारखा... तिसरा.

वहिनीला काही ऐकू आलं नाही. ती तशीच डोळे पुसत होती.

चिमणीला आलं. वर उठलेला हात मध्येच थांबला. ती मामाकडे बघून हसली. इतकं गोड, आभार मानल्यासारखं हसली की मामा दोन पावलं मागे सरकला. मग तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मुखडा पुन्हा धरला.

मामा त्या घरी परत गेला नाही. वहिनीचे फोन येतात. आधी म्हणायची, रोज गाते. मग म्हणायला लागली, दिवसभर गाते. परवा म्हणाली, जेवायला उठत नाही हो, आवाज अगदी बारीक झालाय, तुम्ही एकदा येऊन समजवा ना.

"जायला हवं रे," मामा मला म्हणाला. "मीच सुरू करून दिलंय. पण तिथे जाऊन मी खाकरलो तर?"

ऐकता ऐकता माझाही घसा कोरडा पडला होता. नकळत मी खाकरायला गेलो...

मामाने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.