आवळीखालचा दिवा

कलश विसरला, एवढंच निमित्त झालं.

अंधार पडला म्हणून म्हातारा थापा मारतोय असं समजू नका, पोरांनो. त्रिविक्रम आमच्याच बसवनगुडीच्या गल्लीतला, सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आणि हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं आहे. साल १९६२, कार्तिकी पौर्णिमा, रविवार. पुण्याहून इकडं कानडी मुलखात आलेला मेहुणा रत्नाकर आवळीभोजनाला हटून बसला. आज जे. पी. नगर आहे ना, त्याच्या पलीकडं तेव्हा तळ्याकाठी हरणांचं राखलेलं रान होतं. तारेआड हरणं, झाडांवर मोर, फिरायला पायवाटा, आणि पार टोकाला एक जुनी आवळी. आपली मराठी मंडळी दर कार्तिकात तिच्याखाली पूजा करून डबे सोडायची. तशी हीही जेवून आली, आणि दिवेलागणीला त्याच्या बायकोला, अलकाला, आठवलं की माहेरचा तांब्याचा कलश तिथंच राहिला. नवऱ्याला म्हणाली, सायकल काढा नि घेऊन या.

त्रिविक्रमाचा पाय घरातून निघेना. का, ते सांगतो.

आदल्या कार्तिकातही तो तिथं गेला होता. रानाचा राखणदार देवाप्पा हा निपाणीकडचा, मराठी बोलणारा. वाळल्या गवताची गंजी हरणांच्या कुंपणाला लागूनच, म्हणून निघताना पूजेचा दिवा विझवायचा, असा त्याचा नेम. पण पूजेचा दिवा फुंकू नये, अशी अलकाची समजूत. तिनं तो तसाच तेवत ठेवला. फाटकावर देवाप्पानं विचारलं तेव्हा त्रिविक्रम म्हणाला, विझवला. बस चुकेल म्हणून म्हणाला, बाकी काही नाही. साहेबाचा शब्द म्हणून देवाप्पा बघायला गेला नाही. रात्री गंजी पेटली. हरणांना मोकळं करायला तो आत शिरला. हरणं सगळी वाचली. तो तिसऱ्या दिवशी गेला.

चौकशीत त्रिविक्रमाचा जबाब घेतला. शिकलासवरलेला माणूस, पण वेळ आली तशी शेपूट घातली. लिहून दिलं, ‘देवाप्पा गंजीपाशी बिडी ओढत होता.’ त्या माणसानं जन्मात बिडीला हात लावला नव्हता. पण मेल्या माणसाला कुठलं तोंड? त्याच्या बायकोची, गंगव्वाची, राखणदाराची खोली गेली. ती आमच्याच गल्लीत भांडी घासायला लागली. त्रिविक्रम लाजेनं मागच्या बोळातून ये-जा करायचा.

तर तो गेला. सात वाजून वीस मिनिटं झाली होती. चांदणं स्वच्छ. फाटकाची साखळी नुसती अडकवलेली, नव्या राखणदाराचा पत्ता नाही. सायकल टेकवून तो पायवाटेनं निघाला. कलश आवळीखालीच होता. तो उचलायला वाकला.

वर पाहिलं तर सगळी हरणं तारेला लागून उभी. एकाच बाजूला बघत.

त्याच्या पाठीमागं.

त्यानं मान वळवली नाही. वळेचना.

‘साहेब...’

आवाज ओळखीचा. थकलेला. राग कसला तो नाही.

‘दिवा विझवला नव्हं?’

वर्षभर तो मनात घोकत होता की देवाप्पा भेटला तर पाय धरीन, सगळं सांगीन. आता भेटला. आणि तोंडातून आलं...

‘विझवला.’

काही हललं नाही. पान नाही. हरीण नाही.

‘सरी, साहेब. बरं.’

आणि पावलं निघाली. गंजीच्या दिशेनं. सावकाश. एखादा विश्वासानं झोपायला निघावा तशी.

त्रिविक्रम मला म्हणाला, त्यानं नरडीला हात घातला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला हो. भीती तिथंच संपली. उरली ती नुसती लाज.

पावलं लांब गेली. मग कुठं याला वाचा फुटली.

‘देवाप्पा... नव्हता विझवला. मी खोटं बोललो.’

पावलं थांबली.

मग हरणं एकेक करून चरायला लागली.

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी दहाला तो रानाच्या कचेरीत हजर. कारकून कृष्णमूर्तीला म्हणाला, माझा जबाब खोटा आहे, दुसरा लिहून घ्या. तो कृष्णमूर्तीनं लिहून घेतला, आणि महिन्याभरात गंगव्वाला खोली परत मिळाली. त्रिविक्रम स्वतः तिला सांगायला गेला तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिचं काय चुकलं?

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. जुना जबाब काढायला कृष्णमूर्तीनं फाईल सोडली. वर्षभर ती कपाटात, कुलपात होती. वरचा कागद स्वच्छ, खालचा स्वच्छ. मधल्या जबाबातली एकच ओळ, बिडीची, या कडेपासून त्या कडेपर्यंत जळून गेली होती. कृष्णमूर्तीनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं... कागद अजून गरम होता.

त्या ओळीखाली त्रिविक्रमाची सही मात्र जशीच्या तशी होती.