पाटीचा खांदा

हे खरं घडलेलं आहे. तुम्हाला पटलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. पण माझी मावसबहीण कालिंदी खोटं बोलत नाही, आणि स्वतःच्या आईच्या नावावर तर मुळीच बोलणार नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या वर्षीच्या जानेवारीतला मंगळवार होता, दुपारचे तीन वाजले होते. जागा म्हणजे परळमधलं एक मोठं इस्पितळ, तिथला अपघात विभाग. इस्पितळाचं नाव विचारू नका.

कालिंदी तिथे अठरा वर्षं नर्स आहे.

पण आधी तिच्या आईचं सांगायला हवं.

सखूमावशी शीव कोळीवाड्यातली. चाळीस वर्षं तिनं दादरच्या बाजारात मासळी विकली. डोक्यावर मासळीची पाटी आणि ती धरायला डावा हात कायम वर. आमच्याकडच्या सगळ्याच म्हाताऱ्यांचा डावा खांदा असा कामातून गेलेला असतो. आम्ही त्याला पाटीचा खांदा म्हणतो. दुखला की गरम मिठाची पुरचुंडी करून शेकायचा आणि पहाटे पुन्हा बाजार गाठायचा. त्यासाठी डॉक्टरकडे जाण्याचे चोचले आमच्यात नाहीत.

चार वर्षांपूर्वी बाजारात बर्फाची हातगाडी वळत होती. तिचा दांडा मावशीला लागला. डाव्या बरगडीच्या खाली.

मावशी मटकन खाली बसली. चहा प्यायली. उरलेली मासळी विकली. मग खांदा ठणकायला लागला म्हणून दुपारी लेकीच्या इस्पितळात गेली.

कालिंदीला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

"काय झालं, आय?"

"काय नाय गो. डावा खांदा दुखतंय. गाडीचा दांडा लागला पोटाला, पन त्याचं काय नाय."

"पाटीचा खांदा आहे तो. किती वेळा सांगितलं, आता बस कर म्हणून."

तरी डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. लुगड्यावरूनच. कोळणीचं लुगडं कमरेला किती घट्ट कसलेलं असतं, हे त्या डॉक्टरांना कुठून माहीत असणार? कालिंदीला माहीत होतं. तिनं ते सैल करायला सांगितलं नाही.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशीनं लेकीच्या हातातल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाय."

डॉक्टर घुटमळले. तेव्हा कालिंदीच बोलली, "सर, खांद्याचं जुनं दुखणं आहे तिचं. ओझं वाहते ना."

गोळी मिळाली. मावशी घरी गेली.

संध्याकाळी सात वाजता ती खांदा शेकता शेकताच गेली. मिठाची पुरचुंडी अजून कोमट होती.

शवविच्छेदनात कळलं, प्लीहा फाटली होती. पोट रक्तानं भरलेलं होतं. प्लीहा डाव्या बरगड्यांच्या आड असते. तिच्यातलं रक्त पोटात साचलं की कळ डाव्या खांद्यात येऊ शकते. वर कधी कधी साधा ओरखडाही नसतो. माणूस चालतो, बोलतो आणि आतल्या आत संपत जातो.

कालिंदीला हे माहीत नव्हतं असं नाही. नव्यानं आलेल्या नर्सना हे तीच शिकवायची. एखाद्या परक्या बाईनं तसं सांगितलं असतं, तर कालिंदीनं धावत जाऊन सोनोग्राफीचं मशीन ओढून आणलं असतं. समोर आई होती, म्हणून तिला पाटी आठवली.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच भुंगा. जाताना आईनं मला दोष दिला असेल का?

आता तो मंगळवार.

निमेश नावाचा तिशीचा माणूस आला होता. घरोघरी पार्सलं पोचवायचा. प्रभादेवीला त्याची स्कूटर घसरली आणि हँडल पोटात लागलं. कोपर तेवढं सोललं होतं. गडी हसत होता, फोनवर बोलत होता. डॉक्टर अभयनी त्याला तपासलं, मलमपट्टी करवून घेतली आणि घरी जायला सांगितलं.

कालिंदी बाकांकडे पाठ करून त्याचे कागद भरत होती.

आणि अचानक... सगळं शांत झालं.

त्या विभागात शांतता कधीच नसते. स्ट्रेचरची चाकं, फोन, कुणाचं तरी रडणं, काही ना काही चालूच असतं. त्या क्षणी काहीच नव्हतं. डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

मग...

टप.

टप.

टप.

जवळपास नळ नव्हता.

मागोमाग वास आला. ताज्या मासळीचा नव्हे. मासळी विकून झाल्यावर पाटीच्या तळाशी जे बर्फाचं पाणी उरतं, त्याचा. लहानपणी रोज दुपारी आई घरी आली की हाच वास यायचा.

कालिंदीचं पेन थांबलं. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

मग एकदम सगळे आवाज परत आले. निमेश तिच्या टेबलाशी उभा होता.

"सिस्टर, निघू ना मी? त्या मावशींना जरा सांगा, मी ओके आहे. मघापासून मागेच लागल्यात."

"कोण मावशी?"

"त्या काय, बाकावर... आत्ता तर होत्या. सारखं विचारतायत, डावा खांदा दुखतो का, डावा खांदा दुखतो का."

बाकावर कोणी नव्हतं.

बाकाखाली पाणी होतं.

कालिंदीनं पेन खाली ठेवलं. "दुखतो का?"

"थोडा. बॅग याच खांद्यावर असते ना, त्यानं असेल."

तिनं त्याचं मनगट धरलं. नाडी धावत होती. शर्ट वर केला. डाव्या बरगडीखाली हँडलच्या टोकाएवढा गोल लाल वळ उठला होता.

डॉक्टर अभय वैतागले. "सिस्टर, मी आत्ताच बघितलंय. पोट मऊ आहे."

"पुन्हा बघा, सर. कपडे काढून, झोपवून बघा. सोनोग्राफी करा."

"कशावरून म्हणताय?"

"खांद्यावरून."

डॉक्टरांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे वाद घातला नाही. निमेशला आडवं केलं. बरगडीखाली बोटं दाबली, तर त्यानं पोट धरायचं सोडून खांदा धरला. मशीनच्या पडद्यावर प्लीहेभोवती काळी कड दिसली. ते रक्त होतं.

वीस मिनिटांत तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. वाचला.

तिसऱ्या दिवशी कालिंदी वॉर्डात गेली. निमेशची बायको ऋतिका त्याला चमच्यानं पेज भरवत होती. ती कालिंदीच्या पायाच पडायला निघाली. कालिंदीनं तिला धरून बसवलं. तिला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायला तिला तीन दिवस लागले होते.

"त्या मावशी... रागात होत्या का रे?"

"नाही ओ," निमेश म्हणाला. "चांगल्या होत्या. जाऊ नको, डॉक्टरला सांग, म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, सिस्टरला हाक मारतो. तर माझा हात धरला त्यांनी. हात एकदम गार... बर्फच."

"मग?"

"म्हणाल्या, नको रे बाबा. ती पोरगी हाय माजी. कामात हाय. तिला तरास नको."

कालिंदीनं पलंगाची कड धरली.

"तुमची आई होती?" ऋतिकानं विचारलं. "मग भेटली की नाही तुम्हाला?"



ती आजही त्याच विभागात आहे. बदली मिळत होती, घेतली नाही. पोटाला मार लागलेला कोणी आला की ती आधी कपडे सैल करायला लावते, खांद्याचं विचारते आणि मग हळूच विचारते, तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? बहुतेक जण म्हणतात, कोणी नाही. त्यानंतर दोघंजण मात्र म्हणाले, एक मावशी होत्या. दोन्ही वेळा ती धावत बाकाशी गेली. दोन्ही वेळा फरशी ओली होती आणि बाक रिकामा.

मी तिला भेटायला इस्पितळात जाते, पण त्या बाकावर बसत नाही. उभीच राहते.

मागच्या महिन्यात मी तिची समजूत घालत होते. म्हटलं, अगं, रागावलेली नाहीये ती. माणसं वाचतायत तिच्यामुळे. अजून काय हवं तुला?

तिनं बाकाकडे पाहिलं.

"मला तिला एवढंच सांगायचंय," ती म्हणाली, "की मी कामात असले तरी मला हाक मार, आय."