वाया जाऊ नये म्हणून

त्या सकाळी फ्रिजमध्ये एका झाकलेल्या वाटीत अंड्यांचे सहा बलक होते, शेजारच्या भांड्यात दोन बोटं जाड साय होती, आणि ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेच्या हातात एक कागद होता!

सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका येऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून सासूबाई त्यांना अंड्याचा फक्त पांढरा भाग आणि साय काढलेलं दूध देत. आणि उरलेलं टाकायला जीव होत नाही म्हणून बलक, साय, कोंबडीची कातडी... सारं निमूटपणे स्वतः खात. सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला. तिनं हट्टानं सासूबाईंचंही रक्त घेतलं होतं. आकडा पाहून तिला यंत्राचाच संशय आला, म्हणून तिनं तपासणी पुन्हा लावली. शंभराच्या आत हवं ते वाईट कोलेस्टेरॉल आधी दोनशे चार, मग दोनशे तीन!

"आई, तुम्हाला डॉक्टरांकडे यावंच लागेल."

"मी? अगं, आजारी तुझे सासरे! माझ्या अंगावर चिमूटभर मांस नाही. आता माझ्या घासावरही नजर का तुझी?"

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिच्या काळजीनं रात्रभर डोळा लागला नाही, तिनंच असं बोलावं...!

"नजर नाही हो... ही चरबी अंगावर दिसत नाही. रक्तात असते, हृदयाच्या धमन्यांत साचत जाते. बाबांचं तेच झालं ना? मला तुम्ही दोघंही हवे आहात!"

सासरे दारात उभे राहून सारं ऐकत होते. त्यांनी ती वाटी उचलली.

"म्हणजे पथ्य माझं, आणि कुपथ्य सगळं तुझ्या वाट्याला? मी वाचून एकट्यानं काय करू गं...?"

"मग टाकून द्यायचं का हो?"

"कमी आणायचं!"

आठ महिन्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं! सासूबाईंना रडू आणि हसू एकदमच फुटलं, आणि त्यांनी सुनेला उराशी ओढलं. "फार लागेल असं बोलले गं तुला... चल, कुठे न्यायचं तिथे ने."

डॉक्टरांनी गोळी सुरू केली. अंडी निम्मी आली, दोघांची ताटं एकसारखी झाली. संध्याकाळी दोघं फिरायला जाऊ लागली, आणि "हे रस्त्यात भेटेल त्याच्याशी गप्पा मारतात!" ही तक्रार घरात रोज गाजू लागली.

तीन महिन्यांनी सासूबाईंनी आपणहून प्रयोगशाळेत येऊन बाही वर केली. "टोच गं, घाबरू नकोस."

वाईट कोलेस्टेरॉल अठ्ठ्याण्णव आलं.