विमानाचं पांघरूण

"थांब!" वल्लरीनं दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली. "दुर्बिणीची पाळी आता माझी!"

यशोधनला थांबावंच लागलं. त्या फुलीचा नियम त्याच्या ताईनंच घालून दिला होता. जमिनीवरच्या माणसानं डोक्यावर अशी फुली केली, की वैमानिकानं आधी थांबायचं आणि मग कारण विचारायचं.

"हा रडीचा डाव आहे!" तो कुरकुरला. "चार दिवसांसाठी आलीस आणि माझ्याच दुर्बिणीवर हक्क सांगतेस!"

"मी काय हौसेनं राहिलेय? लॉकडाऊन मी लावला का?"

ते खरंच होतं. मार्चमध्ये वल्लरी पंचवटीहून ओझरला मामाकडे, म्हणजे यशोधनच्या घरी आली आणि इथंच अडकली. मे संपत आला तरी शाळा मोबाइलमध्येच कोंबलेली होती. दिवसभर "मास्क लाव, हात धू, बाहेर जाऊ नकोस" एवढंच कानावर पडायचं. आणि हे सांगणाऱ्या मोठ्या माणसांचा मास्क कुठं असायचा? हनुवटीवर!

एकच जागा मोकळी होती. शेजारच्या उज्वलाच्या शेतामागं, विमानतळाच्या कुंपणाला लागून मातीचा उंच ढिगारा होता. पोरं त्याला 'टॉवर' म्हणत. पूर्वी दर रविवारी तिथं नाशिकचे विमानवेडे जमायचे. पंचवटीचे यज्ञेश्वरकाका थर्मास घेऊन यायचे आणि डोळे मिटून नुसत्या आवाजावरून विमान ओळखायचे. फोटो काढायला मनाई होती, म्हणून बघायचं, ऐकायचं आणि तावातावानं भांडायचं. कोरोना आला आणि आभाळच बंद झालं. टॉवरवर आता फक्त ही तीन मुलं आणि उज्वलाच्या शेळ्या!

कुंपणाच्या आत एक छोटं पांढरं विमान उभं होतं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'बगळा'. एका लहानशा कंपनीचा हा बगळा यशोधनची मोठी बहीण मृण्मयीताई उडवायची. टॉवरसमोरून जाताना ती दिवा मिचकवायची. मुलं अंगठे वर करायची आणि मगच बगळा धावपट्टीकडे वळायचा. मार्चपासून तो जागचा हलला नव्हता. आता गुरुवारी त्याचं चाचणी उड्डाण होतं. त्यात तो पास झाला, की औषधांची खोकी घेऊन गावोगाव जाणार होता. ताई मुंबईहून आली होती, पण उड्डाणाच्या दिवसापर्यंत ती कंपनीच्या विश्रांतिगृहात विलगीकरणात होती. इतक्या जवळ असून भेटायचं नाही, याचा यशोधनला भयंकर राग यायचा.

तेवढ्यात दुर्बीण उज्वलाच्या हाती गेली होती. ती एकदम ओरडली, "ए, बगळा उघडाच हाय! त्याचं पांघरूण कुठं गेलं?"

तिघांनी आळीपाळीनं पाहिलं. बगळ्यावर ऊनपावसासाठी घातलेलं चंदेरी कापडाचं मोठं पांघरूण गायब होतं!

"चोरी!" यशोधन म्हणाला.

"थांब रे, शेरलॉकच्या पणतू," वल्लरी म्हणाली. "एवढं मोठं कापड चोर खिशात घालून नेणार का?"

"मला ठाव हाय," उज्वला डोळे बारीक करून म्हणाली. "काल आमच्या बांधापल्याड काहीतरी लय चमकत व्हतं. चला!"

बांधापलीकडे महेशभाऊचं शेत होतं. महेशभाऊ म्हणजे विमानाची राखण करणाऱ्या ठेकेदाराचा सुपरवायझर. त्याच्या खळ्यात कांद्याचा केवढा तरी ढीग होता, आणि त्या ढिगावर ऐटीत पसरलं होतं बगळ्याचं चंदेरी पांघरूण! त्यावर बगळ्याचा नंबरसुद्धा छापलेला होता. बाजूला कांद्याच्या रिकाम्या लाल जाळीदार गोण्या पडल्या होत्या.

"काय रे पोरांनो? मास्क कुठंय? पळा घरी!" महेशभाऊ खेकसला. त्याचा स्वतःचा मास्क हनुवटीवर होता.

"हे विमानाचं आहे!" यशोधन छापलेल्या नंबरावर बोट ठेवत म्हणाला.

"मग? वादळाचा पाऊस येनार म्हनत्यात. ताडपत्रीची दुकानं बंद. कांदा भिजला तर सडंल. इमान काय सडतंय का? उभंच तर हाय! पुन्हा नेऊन टाकीन."

"पण तुमचं काम काय आहे? विमान सांभाळायचं की कांदा?"

"लय शाना झालास! दोन दिस थांब, ठेवतो."

यशोधनचे कान तापले. वल्लरीनं त्याला ओढत घरी आणलं आणि विमानवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. मग ग्रुपचे मुख्य यज्ञेश्वरकाका उगवले. "बाळांनो, मोठ्यांच्या कामात लुडबुड नको. अभ्यास करा." पाठोपाठ त्यांनी आल्याच्या काढ्याची कृती टाकली आणि तिला सगळ्यांनी नमस्कार केले.

"यांना काढ्यातच बुडवायला हवं!" वल्लरी दात ओठ खात म्हणाली.

संध्याकाळी यशोधननं ताईला फोन लावला. "कांद्यावर? माझ्या विमानाचं पांघरूण?" ताई चिडली. "मी आत्ता झापते त्याला. उन्हानं रंग जाईल रे. बाकी फार नुकसान नाही. झोप तू."

थोड्याच वेळात तिचा निरोप आला. महेशभाऊ कबूल झाला होता. बाकी सगळं जागच्या जागी आहे, असं त्यानं आईची शपथ घेऊन सांगितलं होतं.

गुरुवारी सकाळी सकाळी तिघं टॉवरवर हजर होती. पांघरूण परत आलेलं होतं आणि महेशभाऊ त्याची घडी घालत होता. बगळ्याच्या डाव्या पंखाखाली बोटभर नळी होती आणि तिच्यावर लाल टोपी. टोपीची फीत वाऱ्यावर फडफडत होती.

"सगळं ठीक दिसतंय," यशोधन म्हणाला.

"नाय," उज्वला दुर्बीण न काढता म्हणाली. "त्या टोपीभवती कुंभारीण घिरट्या घालतीय. तोंडात चिखलाची गोळी हाय. बसती, शोधती, पुन्हा उडती."

"कुंभारीण?"

"कुंभारीण माशी! बारक्या भोकात मातीचं घर करती. आमच्या फवारणीच्या पंपाची नळी तिनं दोनदा बुजवली हाय. आन् ती उगा कुठं गोळी नेत नाय. तिचं घर अर्धं बांधून झालेलं असनार. ते तिला आता सापडंना झालंय!"

वल्लरीनं उज्वलाचा दंड घट्ट धरला. "टोपीच्या आत... म्हणजे तिनं घर बांधायला घेतलं, तेव्हा टोपी नव्हती!"

"टोप्या पांघरुणाच्याच लांब दोरीला बांधलेल्या असतात," यशोधन पुटपुटला. "पांघरुणाबरोबर त्याही कांद्यावर गेल्या. तो खोटं बोलला! वल्ले, ती वेगाची नळी आहे. समोरून हवा आत शिरते, तेव्हा आतला काटा वेग दाखवतो. नळी खोलवर बुजली असेल तर वरून दिसायचंही नाही. काटा खोटं सांगेल आणि वेग कमी पडला, की विमान..."

त्यानं ताईला फोन लावला. बंद! उड्डाणाआधी ती फोन बंदच ठेवायची.

तिघं फाटकाकडे धावत सुटली. तिथं पहारेकरी गेणूमामा काठी आडवी धरून उभे.

"गेणूमामा, ताईला थांबवा! विमानाच्या नळीत माती आहे!"

"आत कुनी जायचं नाय. कोरोनाचा नियम हाय."

"मग तुम्ही फोन करा ना!"

गेणूमामांनी फोन केला. कोणाला? महेशभाऊला! पलीकडचा आवाज मुलांनाही ऐकू आला. "हाकला त्या कारट्यांना! डोकं फिरलंय त्यांचं."

"ऐकलं ना? जावा आता."

"माझी बहीण आहे ती!" यशोधन किंचाळला. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ती पडली तर तुमचा नियम तिला झेलणार आहे का?"

गेणूमामांनी मान खाली घातली, पण काठी हलवली नाही. तेवढ्यात पलीकडून घरघर ऐकू आली. बगळ्याचं इंजिन सुरू झालं होतं!

"टॉवर!" वल्लरी ओरडली. "ती दिवा मिचकवायला आपल्याकडे बघणारच! फुली करायची, फुली!"

तिघं बांधावरून सुसाट पळाली. महेशभाऊच्या खळ्यातून जाताना उज्वलानं वाकून रिकाम्या लाल गोण्या उचलल्या. "हातात धरा! लांबून दिसंल!"

धापा टाकत ती वर चढली, तेव्हा बगळा वळणावर आला होता. त्यानं दिवा मिचकवला. तिघांनी लाल गोण्या हातात धरून डोक्यावर फुल्या केल्या. हात दुखेस्तोवर, जीव खाऊन!

बगळा पुढं सरकला. आणखी थोडा सरकला.

"ताई, थांब ना गं!"

बगळा थांबला. पंखा मंद झाला, मग बंद पडला. दार उघडून मृण्मयीताई उतरली आणि कुंपणाकडे धावत आली.

"काय झालं?"

तिघंही एकदम बोलायला लागली, पण तिला 'कुंभारीण' आणि 'टोपी' एवढं पुरलं. तिनं कंपनीच्या इंजिनियरना बोलावलं. मागोमाग महेशभाऊ आला तोच तणतणत. "ताई, पोरांच्या नादी लागून उड्डान थांबवलं? साहेबांना कळलं तर? टोपी कधी निघालीच नाय!"

विमानातून ताईनं पांघरुणाची घडी काढली आणि त्याच्यासमोर झटकली. कांद्याच्या गुलाबी साली भुर्रकन उडाल्या. त्याच दोरीला बांधलेली लाल टोपी तिनं उलटी केली. तिच्या आतूनही दोन साली पडल्या.

महेशभाऊनं घाईघाईनं हनुवटीवरचा मास्क वर ओढला.

इंजिनियरनी नळी सोडवून घेतली आणि हातावर ठोकली. सुक्या मातीचा गोळा बाहेर पडला. फुटल्यावर त्यातून हिरव्या अळ्या निघाल्या. कुंभारणीनं पिल्लांसाठी भरून ठेवलेला तो डबा होता.

"मला काय ठाव, एवढीशी माशी..." महेशभाऊ चाचरला.

"माशीनं तिचं काम चोख केलं," ताई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, पण मुलांना तिची इतकी भीती कधीच वाटली नव्हती. "तुम्ही तुमचं केलं नाही. वर आईची शपथ घेतलीत. कांदा न्यायचाच होता, तर मला खरं सांगायचं होतंत. मी नळी तपासून घेतली असती. चला, हेच आता साहेबांसमोर सांगा."

इंजिनियर कुंपणापाशी आले. "शाब्बास मुलांनो! आज तुम्ही फार मोठं काम केलंत!"

"शाब्बासकी नको!" यशोधन तडकला. वल्लरीनं त्याचा शर्ट ओढला, पण तो थांबला नाही. "आम्ही ओरडून सांगत होतो. ग्रुपवर, फाटकावर, सगळीकडे! आम्ही लहान आहोत म्हणून कोणी ऐकलं नाही. फक्त ताई थांबली. तीसुद्धा फुली केल्यावर!"

"बरोबर आहे तुझं," इंजिनियर म्हणाले. "शाब्बासकीच्या आधी माफी मागायला हवी होती. चुकलं आमचं." फाटकावरून आलेल्या गेणूमामांनी काठी बगलेत धरून तिघांना कडक सलाम ठोकला. दुपारी यज्ञेश्वरकाकांचा निरोप आला, "आपल्या ग्रुपची शान! मी मूर्खपणा केला, लेकरांनो." वल्लरीनं उत्तर पाठवलं, "काका, काढा घ्या. उतरेल."

संध्याकाळी नवी नळी बसवून, सगळं पुन्हा तपासून बगळा निघाला. टॉवरसमोर येऊन त्यानं दिवा मिचकवला आणि तो तिथंच उभा राहिला. मुलांना आधी कळेचना. मग वल्लरी हळूच म्हणाली, "ती आपल्यासाठी थांबलीय. आपण सांगितल्याशिवाय जाणार नाही."

यशोधननं दुर्बीण उज्वलाच्या हातात दिली. तिनं सावकाश पाहिलं. नळी, पंख, चाकं.

"कुंभारीण नाय. टोपी नाय. समदं बेस!"

मग तिघांनी अंगठे वर केले, आणि बगळा धावपट्टीकडे वळला.